पॉइंटरवाल्या गायकवाड मॅडम

गायकवाड मॅडम फोनवर कधी 'हॅलो' म्हणायच्या नाहीत. पलीकडून फोन उचलला गेला की त्यांचा पहिला शब्द असायचा, "आहात का?"

माणूस गडबडून म्हणायचा, "म्हणजे काय मॅडम, फोन उचलला ना!"

"फोन उचलणं वेगळं आणि असणं वेगळं. असाल तर बोलते."

ऑफिसमध्ये नवीन आलेल्यांना हा खास पुणेरी खवचटपणा वाटायचा. थोडा होताही. पण आमच्या धंद्यात ही सवय किती कामाची आहे ते मला पुढे कळलं, आणि तेही बरंच पाणी वाहून गेल्यावर. हे मी शब्दशः म्हणते आहे.

आमची कंपनी खराडीत. खराडी म्हटलं की काचेच्या इमारती डोळ्यांसमोर येतात, पण आम्ही त्या इमारतींच्या मागच्या गल्लीत, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर. दुपारी चारला खालून खारी भाजल्याचा वास आला की मीटिंग आपोआप संपायची. शेताला ठरलेल्या वेळी पाणी सोडणारी आणि ठरलेल्या वेळी बंद करणारी पेटी आम्ही बनवायचो. पेटीत एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे नखाएवढी चिप. तिच्यात प्रोग्रॅम भरायचा. ती पाइपावरचे व्हॉल्व्ह उघडते, मिटते, आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज पाठवते. मालक बर्वे सर, सुटे भाग सांभाळणारे आणि पेट्या जोडणारे इक्बालभाई, आम्ही तीन-चार जण इंजिनिअर, आणि आमच्या वरच्या गायकवाड मॅडम.

मी रुजू झाले तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. ठेंगणा बांधा, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, सुती पंजाबी ड्रेस आणि त्याच्या खिशात पेन्सिल. खिसा शिंप्याकडून त्या मुद्दाम शिवून घ्यायच्या. पेन कधी वापरायच्या नाहीत. "प्रोग्रॅम पेनानं लिहिणारा माणूस फार सुखी असला पाहिजे," म्हणायच्या. आम्ही लिहिलेला प्रोग्रॅम त्या स्क्रीनवर वाचत नसत. कागदावर छापून घेत आणि पेन्सिलीनं समासात प्रश्नचिन्हं काढत. एक प्रश्नचिन्ह म्हणजे पुन्हा वाचा. दोन म्हणजे माझ्याकडे या. तीन म्हणजे येताना चहा घेऊन या, वेळ लागेल.

माझ्या पहिल्याच कागदावर तीन-तीन प्रश्नचिन्हं चार ठिकाणी होती. मी एम.टेक. होते. मॅडमचा डिप्लोमा होता, तोही नोकरी करता करता संध्याकाळच्या वर्गाला जाऊन केलेला. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. चहाचे दोन कप घेऊन मी त्यांच्यासमोर बसले.

"मधुरा, तुम्ही आठ व्हॉल्व्ह बनवलेत."

त्या सगळ्यांना अहो-जाहो करायच्या. चहावाल्यालासुद्धा.

"हो मॅडम. पेटीला आठच लागतात ना."

"या पेटीला. उरुळीच्या पेटीला पाच. बारामतीच्या पेटीला बारा, वर ओल मोजणारे दोन सेन्सर. त्यांचं काय करणार?"

"त्यांच्यासाठी वेगळा प्रोग्रॅम."

"तेच तर आजवर करतोय." त्यांनी खुर्ची वळवली आणि इक्बालभाईंच्या टेबलाकडे बोट केलं. तिथे पेट्यांची रांग होती आणि प्रत्येक पेटीवर चिकटपट्टी: पाचवाली, आठवाली, बारावाली, बारावाली-नवीन, बारावाली-नवीन-खरी. "मागच्या महिन्यात पाचवाल्या शेतात आठवाली पेटी गेली. ती बिचारी नसलेल्या तीन व्हॉल्व्हना हाका मारत बसली. जे नाही त्याला हाक मारली की चिपसुद्धा भ्रमिष्ट होते. माणसाचं तर सोडाच."

मग त्यांनी सांगितलं की प्रोग्रॅममध्ये व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपावरच्या प्रत्येक व्हॉल्व्हची नोंद, आधीपासून बनवून ठेवायचेच नाहीत. पेटी सुरू झाली की तिनं आधी मेमरी कार्डावरची यादी वाचायची: या शेतात किती व्हॉल्व्ह आहेत, कुठल्या पिनेला जोडलेत. मग तेवढेच व्हॉल्व्ह तिनं तिथल्या तिथे स्वतःच्या मेमरीत घडवायचे आणि प्रत्येकाचा पत्ता एका यादीत टिपून ठेवायचा. हा पत्ता म्हणजेच पॉइंटर. असं केलं की सगळ्या शेतांना एकच प्रोग्रॅम पुरतो.

पॉइंटर मला पाठ होते. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले होते. पण चालत्या चिपमध्ये हे असं वापरायचं म्हटल्यावर माझा चेहरा कोरा झाला असावा. मॅडम उठल्या आणि मला इक्बालभाईंच्या कपाटापाशी घेऊन गेल्या. कपाटाला छोटे-छोटे खण. त्यांतला एक त्यांनी ओढला. आत एक चिठ्ठी होती, इक्बालभाईंच्या वळणदार अक्षरात: 'गॅलरी, निळा पिंप, मागे.'

"इक्बालभाई, हे काय?"

"पाइपाचं भेंडोळं आहे, मॅडम. खणात मावतं का ते? म्हणून कुठं ठेवलंय त्याची चिठ्ठी टाकलीय." इक्बालभाई भवानी पेठेतले. त्यांच्या घरात तीन पिढ्या पंपाच्या मोटारी गुंडाळायचा धंदा होता, आणि त्यांना कुठलीही गोष्ट दोनदा सांगायला आवडायचं नाही.

"आणि हा रिकामा खण?"

"माल आला नाही अजून. चिठ्ठी नाही म्हणजे माल नाही. जायचंच नाही शोधायला."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "बघा. इक्बालभाईंना पॉइंटर येतात."

पुढचं वाक्य त्या बोलल्या नाहीत. बोलण्याची गरजही नव्हती.

तरीही त्यांचा राग यायचा नाही, याचं कारण त्यांच्या बोलण्यात कडूपणा नव्हता. खरं तर त्यांना कडू व्हायला बरीच कारणं होती. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्या भोसरीच्या एका कारखान्यात बोर्डांना डाग द्यायला लागल्या. हातात सोल्डरिंगची बंदूक, समोर बोर्डांची चळत. डाग देऊन झालेले बोर्ड वरच्या मजल्यावर जायचे आणि तिथे कोणीतरी त्यांत जीव घालायचं. एके दिवशी त्या सरळ वर गेल्या आणि तिथल्या साहेबांना म्हणाल्या, "तुम्ही आत काय भरता ते मला बघायचंय." साहेब म्हणाले, ते तुमचं काम नाही, बाई.

"मग?" मी विचारलं होतं.

"मग काय? त्यांचं बरोबरच होतं. नव्हतंच माझं काम. चार वर्षांनी झालं."

येरवड्याचं दोन खोल्यांचं घर, वडील सरकारी छापखान्यात, पाठचे तीन भाऊ. त्याबद्दल त्या एवढंच सांगायच्या की घरात दिवा एकच होता आणि तो वाचणाऱ्याचा असं वडिलांनी ठरवून टाकलं होतं. बुद्धपौर्णिमेला त्या आम्हा सगळ्यांसाठी डबाभर खीर आणायच्या आणि त्या दिवशी कुणाच्याही कागदावर प्रश्नचिन्ह काढायच्या नाहीत. आम्ही आपापले वाईटातले वाईट प्रोग्रॅम त्या दिवसासाठी राखून ठेवायचो. त्यांना ते कळायचं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्या एक पेन्सिल जास्त आणायच्या.

आता मांजरी गावातलं सांगते.

मांजरीला कौसल्याबाई म्हणून एक बाई उसाची रोपं तयार करायच्या. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये एक डोळ्याची कांडी लावायची, महिनाभर जपायची आणि शेतकऱ्यांना विकायची. शेडनेटखाली ट्रेच्या रांगाच रांगा. त्यांच्याकडे अकरा व्हॉल्व्ह होते आणि आमच्या नव्या पद्धतीची पहिली पेटी त्यांच्याकडे जाणार होती. प्रोग्रॅम मी लिहिला होता. टेबलावर व्हॉल्व्हच्या जागी अकरा दिवे लावून आम्ही पेटी तपासली. एकेक दिवा वेळेवर लागत होता, वेळेवर विझत होता. बर्वे सर घाई करत होते, कारण रोपांचा हंगाम सुरू झाला होता. मॅडमच्या सासूबाईंचं त्याच दुपारी मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्यांनी दिवे पाहिले, घड्याळ पाहिलं आणि तपासणीच्या वहीत सही केली. माझा छापलेला कागद त्यांच्या टेबलावर तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी पेटी मांजरीला बसली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कौसल्याबाईंचा फोन आला. मॅडम मला म्हणाल्या, "चला." आम्ही रिक्षा केली. हडपसर ओलांडल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "जेवलात का सकाळी काही?"

शेडमध्ये शिरलो तर पायांखाली चिखल आणि पुढे पाणीच पाणी. खालच्या ओळींचे ट्रे बुडलेले, काही तरंगत होते. कौसल्याबाई कमरेला पदर खोचून उभ्या होत्या. सत्तरीच्या आसपासच्या, काटक. त्यांनी मोबाइल आमच्या नाकासमोर धरला.

"ह्ये बगा. तुमच्या मशीननं मला मेसेज धाडला, 'पाणी बंद.' म्या निवांत. आन् हितं बगा, तळं झालंय. मशीन खोटं बोलाया कवापासनं लागली?"

मी पेटी उघडली, लॅपटॉप जोडला. सगळं व्यवस्थित दिसत होतं, आणि तेच भयंकर होतं. मॅडम माझ्यामागे उभ्या राहून प्रोग्रॅम वाचत होत्या. शेवटी त्यांचं बोट स्क्रीनवर एका ओळीवर थांबलं.

"मधुरा, हे व्हॉल्व्ह तुम्ही कुठं बनवलेत?"

मी ती ओळ पाहिली आणि चूक कळली. यादी वाचणाऱ्या फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका छोट्या तुकड्याच्या, आत मी व्हॉल्व्ह तात्पुरते बनवले होते आणि त्यांचे पत्ते बाहेर जपून ठेवले होते. फंक्शन संपलं की आतलं सगळं मोडीत निघतं आणि ती जागा दुसऱ्या कुणाला मिळते. पत्ते माझ्याकडे होते, पण त्या पत्त्यांवर कुणी राहत नव्हतं. टेबलावर सगळं चाललं, कारण तिथे पेटीत सिमकार्ड नव्हतं आणि ती जागा मागायला कुणी आलंच नाही. इथे पेटीनं व्हॉल्व्ह उघडला, कौसल्याबाईंना 'पाणी सुरू' असा मेसेज पाठवला, आणि तो मेसेज लिहायला नेमकी तीच जागा वापरली. नंतर 'बंद हो' हा हुकूम गेला तो भलतीकडेच. व्हॉल्व्हपर्यंत तो पोचलाच नाही, आणि हुकूम दिला म्हणजे पाणी बंद झालं असं धरून पेटीनं तसा मेसेज पाठवून दिला.

मॅडम कौसल्याबाईंकडे वळल्या. "बाई, मशीन खोटं बोललं नाही. आम्ही त्याला चुकीचा पत्ता दिला. चूक आमची आहे."

"मंग पत्ता नीट द्या की!"

"देतो. आधी ट्रे बाहेर काढू."

आणि त्यांनी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला काढल्या आणि पाण्यात उतरल्या. तिथे कामाला असलेल्या बायकांच्या ओळीत उभ्या राहून त्या ट्रे पुढे देऊ लागल्या. मीही उतरले. दुपारपर्यंत आम्ही ट्रे उतरत्या जागेवर मांडले आणि पाण्याला वाट करून दिली. एका रात्रीच्या पाण्यानं ऊस मरत नाही, कौसल्याबाई म्हणाल्या. खालच्या दोन ओळी गेल्या, बाकीची रोपं वाचली. मग त्यांनीच आम्हाला भाकरी आणि ठेचा वाढला. मी भाकरीचे नुसते तुकडे करत बसले.

"खा की गं पोरी," त्या म्हणाल्या. "माझ्या थोरल्यानं एकदा सबंध ट्रॅक्टर हिरीत घातला हुता. त्योबी जेवला हुता त्या दिशी."

परतताना मी रिक्षात रडले. मॅडमनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "तुमची चूक आहे. पण दिवे लागले म्हणून मी सही केली, आत वाचलं नाही. ती माझी. दोघींनी वाटून घेतली की उचलायला बरी पडते."

दुसऱ्या दिवशी बर्वे सरांच्या केबिनमध्ये बैठक झाली. सर तसे सज्जन, पण त्यांना झोप लागत नव्हती. "मॅडम, ही पहिलीच पेटी. चूक कबूल केली तर पुढे कोण घेणार? वायरिंग सैल होतं असं कळवून टाकू. शेतात होतंच तसं."

"वायरिंग इक्बालभाईंनी केलंय."

"त्यांना कुठं काही होणार आहे? नावापुरतं."

"नावच तर आहे त्यांचं," मॅडम म्हणाल्या. "आणि वायरला तोंड नाही म्हणून तिच्यावर ढकलायचं, हे मला जमणार नाही. जमत असेल त्यानं पत्रावर सही करावी."

सर बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, "बरं. तुम्हीच लिहा काय लिहायचं ते."

मॅडमनी पत्र लिहिलं. पेनानं. आयुष्यात त्यांना पेनानं लिहिताना मी तेवढंच पाहिलं. साध्या मराठीत चार ओळी: दोष आमच्या प्रोग्रॅमचा होता, वायरिंगचा नव्हता, आम्ही न वाचता पेटी दिली, नुकसान भरून देऊ, नवी पेटी आम्ही स्वतः येऊन बसवू. खाली त्यांची सही. मी पेन मागून घेतलं आणि त्याखाली माझी केली. कुणी सांगितलं नव्हतं.

नवा प्रोग्रॅम आम्ही दोघींनी मिळून लिहिला. यात व्हॉल्व्ह चिपच्या कायमच्या जागेत घडवले, पेटी सुरू होताना एकदाच. "धावत्या यंत्रात मोडतोड नाही," मॅडम बजावायच्या. "सुरुवातीला घडवायचं, मग ज्याचं त्याला जगू द्यायचं." मध्येच एखादा व्हॉल्व्ह मोडून नवा घडवला तर मेमरीत भोकं पडत जातात आणि एक दिवस पुरेशी जागा असूनही ती सलग मिळत नाही, हे त्यांनी मला वहीत चौकोन काढून दाखवलं. आणि प्रत्येक हुकुमाआधी एक ओळ: हा व्हॉल्व्ह आहे का? असेल तरच बोलायचं. ती ओळ लिहिताना मला एकदम हसू आलं. मॅडमनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. गेले सहा महिने त्या फोनवर हेच शिकवत होत्या आणि मी त्याला खवचटपणा समजत होते.

त्या पत्राचं पुढे काय झालं ते आम्हाला वर्षभरानं कळलं. कौसल्याबाईंनी ते लॅमिनेट करून शेडच्या दारात टांगलं होतं. रोपं न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या दाखवायच्या, "ह्या कंपनीनं चूक कबूल केल्याचा कागद हाय. असा कागद कुनाकडं हाय का बगा." दौंडकडची आणि शिरूरकडची गिऱ्हाइकं त्या कागदावरून आमच्याकडे आली. बर्वे सरांनी ही बातमी मॅडमना सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा परीक्षेत दुसऱ्याचं उत्तर बरोबर निघालेल्या मुलासारखा होता. मॅडम म्हणाल्या, "छान. पण चुका करून गिऱ्हाइकं मिळवायची सवय लावून घेऊ नका."

पुढे नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. शेवटी शेवटी माझ्या कागदावर एखादंच प्रश्नचिन्ह यायचं आणि ते न आलं तर मला चुकल्यासारखं वाटायचं. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी भाषण केलं नाही. इक्बालभाईंनी शाल दिली, आम्ही खालच्या बेकरीतून केक आणला. मॅडम म्हणाल्या, "मी काही फार मोठं केलं नाही. यंत्रांना पत्ते नीट दिले," आणि उरलेला केक डब्यात भरून सासूबाईंसाठी घेऊन गेल्या.

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी त्यांना भेटायला गेले. आता त्या येरवड्यातच नव्या इमारतीत राहतात. दारावर कुलूप होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "खाली पार्किंगमध्ये बघा. रोजचा कार्यक्रम आहे त्यांचा."

खाली गेले. रविवार असल्यानं बऱ्याच गाड्या बाहेर गेल्या होत्या आणि पार्किंग मोकळं होतं. मॅडम सायकलवर होत्या. ओढणी कमरेला गच्च बांधलेली, डोळे पुढच्या चाकावर. मागे कॅरिअर धरून त्यांचे यजमान धावत होते. बँकेतून निवृत्त झालेले, चांगले धिप्पाड गृहस्थ, पण धाप लागलेली.

मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच कॅरिअर सोडलं. मॅडमना कळलं नाही. त्या तशाच पुढे गेल्या, खांबाला वळसा घालून, थोड्या डुलत. वळल्यावर त्यांना नवरा समोर दिसला, दोन्ही हात मोकळे. क्षणभर हँडल लटपटलं. मग सावरलं.

"सोडलंत होय!" त्या ओरडल्या.

"केव्हाच!"

त्या दुसरी फेरी घेऊन माझ्या रोखानं यायला लागल्या. साठी उलटलेल्या, आणि चेहऱ्यावर असं हसू की मी नऊ वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. मी पुढे झाले.

"मधुरा, बाजूला व्हा!" त्या घंटी वाजवत ओरडल्या. "थांबायचं अजून शिकवलं नाही यांनी!"

मी बाजूला झाले आणि त्या माझ्या शेजारून वाऱ्यासारख्या पुढे गेल्या.